विझलेले बीजाणू

निरूपा मारबते अठरा वर्षं एकाच सूक्ष्मदर्शकावर काम करत होती. वैनगंगेच्या पलीकडे, जिथे शेतं संपून जंगल सुरू होतं, तिथल्या पाथरगोटा गावात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, किड्यांचं अंडीपुंज केंद्र होतं. निरोगी अंडी तयार करायची आणि आसपासच्या कोसा उत्पादकांना वाटायची, एवढंच केंद्राचं काम. पण अंडी निरोगी आहेत हे सांगायचं कोणी? ते निरूपा सांगायची.

टसर रेशमाचा हा किडा ऐनाच्या झाडावर, उघड्या रानात वाढतो. चाळीसेक दिवस पानं खातो, फांदीला कोष बांधतो आणि पुढे त्या कोषातून पतंग बाहेर पडतो. मादीने अंडी घातली की तिच्या पोटाचा तुकडा खलात कुटायचा, त्यातला थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सहाशे पट मोठा करून पाहायचा. तांदळाच्या दाण्यासारखे, पण चमकणारे ठिपके दिसले की समजायचं, आईला पेब्रिन झाला आहे. ते ठिपके म्हणजे रोगाचे बीजाणू. आईकडून ते अंड्यांत उतरतात, अंड्यांतून अळ्यांत, आणि एका अळीच्या विष्ठेतून अख्ख्या झाडावर. याला औषध नाही. म्हणून जगभर जिथे जिथे रेशीम होतं तिथे पिढ्यान् पिढ्या एकच नियम चालत आला होता: आई रोगी असेल तर तिची अंडी जाळायची.

२०३९ सालच्या जूनमध्ये निरूपाच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बसवला गेला.

केंद्रप्रमुख डॉ. मृणाल बोंगिरवार दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरहून इथे आल्या होत्या. वयाने निरूपापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. कॅमेरा लावणारी माणसं निघून गेल्यावर त्यांनी निरूपाला स्टुलावर बसवलं.

"आता भिंगाला डोळा लावायचा नाही, निरूपाताई. पाहायचं काम कॅमेरा करील. तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवायचं."

"त्याचं चुकलं तर?"

"चुकणार नाही असं कंपनी म्हणते. मी तसं म्हणत नाही. पण मला सांगा, एका पतंगाला तुम्ही किती वेळ देता?"

"दोन मिनिटं. गर्दीच्या दिवसांत त्याहून कमी."

"दोन मिनिटांत थेंबातल्या दहा जागा पाहून होतात. हा बाराशे जागा पाहतो."

नव्या पद्धतीत कुटणंही नव्हतं. पतंगाच्या अंगातला रस तसाच घ्यायचा आणि मिठाच्या पाण्यात मिसळायचा. अशा चोवीस थेंबांचा एक ट्रे भिंगाखाली सरकायचा. कॅमेरा दर पाच मिनिटांनी प्रत्येक थेंबाकडे परत यायचा, तासाभरात बारा फेऱ्या मारायचा. प्रत्येक छायाचित्र जपून ठेवलं जायचं. संगणक त्यातले बीजाणू मोजायचा आणि ट्रेच्या नकाशावर हिरवा नाहीतर लाल ठिपका उमटवायचा. हिरवा असेल तर अंडी ठेवायची. लाल असेल तर भट्टी.

पहिल्याच आठवड्यात केंद्रातलं वातावरण बदललं. निरूपाच्या डोळ्यांना शंभरातले सहा पतंग रोगी सापडायचे. कॅमेऱ्याला एकतीस सापडले.

निरूपाचं जेवणातलं लक्ष उडालं. आठ वर्षांपूर्वी चार गावांतला कोसा एका हंगामात पार बुडाला होता. लोकांनी उन्हाला दोष दिला होता, तिनेही दिला होता. आता तिला वाटू लागलं की त्या वर्षीचा रोग आपल्याच भिंगाखालून सुटला असणार. अठरा वर्षांत असं किती सुटलं असेल, याचा हिशेब लागण्यासारखा नव्हता, कारण डोळ्याने पाहिलेल्या काचपट्ट्या धुऊन टाकल्या जात. त्यांची खूणही मागे राहिली नव्हती. तिने मनाशी ठरवून टाकलं, इथून पुढे कॅमेरा सांगेल ते खरं. कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही.

आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या वडिलांच्या पतंगांचे ट्रे आले.

डोमाजी नान्हे सहा किलोमीटरवरच्या झरीटोल्यात राहायचे. एकोणसत्तर वर्षांचे. ऐनाच्या एकाच पट्ट्यात ते पंचेचाळीस वर्षं कोसा घेत होते. बाकीचे उत्पादक केंद्राची अंडी नेत. डोमाजी मात्र बियाण्याचे कोष स्वतः निवडून आणून देत. त्यांतून निघालेले पतंग केंद्राने तपासायचे आणि त्यांचीच अंडी त्यांना परत द्यायची, असा जुना रिवाज होता.

तीनशे बारा माद्या होत्या. दोनशे अठ्ठ्याऐंशी लाल आल्या.

निरूपाने सगळे ट्रे पुन्हा चालवले. तोच आकडा आला. बोंगिरवार मॅडम म्हणाल्या, "ताई, हे काम दुसऱ्या कोणाला सांगू का?"

"नाही मॅडम. मीच करते. नाहीतर लोक म्हणतील, बापाची अंडी हिने लपवली."

केंद्रामागच्या लोखंडी भट्टीत तिने अंड्यांच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी डब्या एकेक करून उपड्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी टोपली घेऊन आले. निरूपाने चोवीस डब्या टेबलावर ठेवल्या.

"बाकीचे?" डोमाजींनी विचारलं.

"रोगी निघाले, बाबा. जाळावं लागलं."

डोमाजींनी त्या चोवीस डब्या बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "तू पाह्यलं? तुह्या डोळ्यानं?"

"कॅमेऱ्यानं पाह्यलं. माह्यापेक्षा त्याले जास्त दिसते."

"म्हणजे तू नाई पाह्यलं."

"अठरा वर्षं मीच पाह्यलं ना बाबा. किती रोग हातातून सुटला कोण जाणे. आता नाई सुटू देत."

"माहे पतंग तुले हातात जड नाई लागले? रोगी पतंग असा असते का?"

"रोग वरून दिसत नाई."

"मले पंचेचाळीस वर्षं दिसला," डोमाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी रिकामी टोपली उचलली. "हे चोवीस कोणाले लागतीन त्याले दे."

केंद्राने त्यांना दुसऱ्या जिल्ह्यातली निरोगी अंडी देऊ केली. त्यांनी घेतली नाहीत. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा झरीटोल्याच्या पट्ट्यात किडे चढले नाहीत. निरूपा दर रविवारी जायची तशी जात राहिली. आई नव्हती, म्हणून आठवड्याचं पीठ-मीठ तीच पाहायची. डोमाजी तिच्या ताटात भाजी वाढायचे, पण बोलायचे नाहीत. परतताना त्या ओसाड ऐनांकडे पाहायला नको म्हणून ती लांबच्या रस्त्याने यायची.

जुलैत पतंगांचं काम संपलं आणि निरूपाकडे छायाचित्रांचं काम आलं. संगणक आपल्याला शंका असलेली चित्रं वेगळी काढून ठेवायचा. अनुभवी माणसाने ती पाहून बरोबर की चूक ते सांगायचं, म्हणजे पुढच्या हंगामात तो अधिक शहाणा होणार. हजारो चित्रं होती. निरूपा रोज चार तास पडद्यासमोर बसायची.

एका बुधवारी झरीटोल्याची चित्रं उघडली. प्रत्येकाखाली संगणकाची एकच टीप होती: बीजाणू निश्चित, चमक कमी.

तिने चित्र मोठं केलं. आकार तोच, लंबगोल. पण यातले कितीतरी काळपट होते, पोकळ दिसत होते. डोळ्याने पाहताना तिने अशा ठिपक्यांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. ती चमक शोधायची. हे तिला कचरा वाटले असते.

तिने सहज म्हणून एकाच थेंबाची बारा चित्रं वेळेच्या क्रमाने शेजारी शेजारी लावली. पहिल्या चित्रात एक्केचाळीस चमकणारे दाणे होते आणि नऊ काळे. चौथ्यात चमकणारे तीस. आठव्यात पंधरा. बाराव्यात चार उरले होते, बाकीचे सगळे विझले होते.

तिने दुसऱ्या गावाच्या पतंगाची बारा चित्रं लावली. पहिल्यात अडतीस चमकणारे, शेवटच्यात सदतीस.

मग तिने झरीटोल्याचा दुसरा थेंब लावला, तिसरा, दहावा. दुपारचा डबा तसाच राहिला. शुक्रवारपर्यंत तिने दोनशे अठ्ठ्याऐंशी माद्यांची सगळी चित्रं पाहून काढली. दोनशे एक्केचाळीस माद्यांच्या रसात बीजाणू डोळ्यांदेखत विझत होते.

ती बोंगिरवार मॅडमच्या खोलीत गेली आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी पहिली रांग पाहिली, मग खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, चमक कशाने जाते?"

"बीजाणूचं कवच टणक असतं. आत एक दोरा स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. किड्याच्या पेशीजवळ पोचला की तो दोरा बाणासारखा सुटतो, पेशीला भोक पाडतो आणि त्याच नळीतून रोग आत ओतला जातो. एकदा बाण सुटला की कवच रिकामं. चमक जाते." बोलता बोलता मॅडम थांबल्या. "पण इथे जवळपास पेशीच नाहीत."

"तेच तर. सगळे मोकळ्या पाण्यात सुटलेत."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. "म्हणजे या पतंगांच्या रसात असं काहीतरी आहे, ज्याने बीजाणू फसतो. त्याला वाटतं पेशी आली, आणि तो बाण सोडून बसतो. एकदा सोडलेला बाण परत येत नाही. रोग अंगात शिरतो खरा, पण काही करू शकत नाही."

"मग अंड्यांत तो गेला असता?"

मॅडमनी शेवटची रांग पुन्हा एकदा पाहिली. "बहुतेक नसता गेला."

निरूपाने लॅपटॉप मिटला.

"ताई, तुम्ही नियमाने जाळलीत. मीच सही केली होती."

"हात माझे होते, मॅडम."

चोवीस हिरव्या अंडीपुंजांचा माग लागला नाही. ते दुसऱ्या गावच्या अंड्यांत मिसळून गेले होते. ती जात परत मिळवायला उरला होता एकच मार्ग. ज्या पट्ट्यात पंचेचाळीस वर्षं हे किडे वाढले, तिथल्या जंगलात सुटलेले काही किडे आपोआप वाढले असणार. त्यांचे कोष आता, ऑगस्टच्या सुरुवातीला, झाडांवर असायला हवेत. आणि ते कुठे असतील हे एकच माणूस सांगू शकत होता.

निरूपा रविवारची वाट न पाहता गेली. डोमाजी अंगणात माशाचं जाळं शिवत बसले होते. ती समोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. काळे दाणे, बारा चित्रं, दोनशे एक्केचाळीस. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमचे पतंग निरोगी होते, बाबा. मी चांगली अंडी जाळली."

डोमाजींची सुई चालूच होती. "अन् हे मले आता कायले सांगतेस? राखेतून किडे निघतीन का?"

"रानात जंगली कोष असतीन ना? ते दाखवा मले."

"कायले? पुन्हा जाळाले?"

निरूपा जागची उठली नाही. शेजारच्या घरी कोणीतरी भात कांडायचं यंत्र चालू केलं, बंद केलं. डोमाजींनी जाळं बाजूला ठेवलं.

"मी बियाचे कोष कुठून घेतो, ठाऊक हाये तुले?"

"चांगल्या झाडांवरून. सगळे तसेच घेतात."

"नाई," डोमाजी म्हणाले. "माह्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सगळं रान झोपलं. किडे पटापट गळून पडले. एका ऐनावर सात राह्यले. बाकीचे म्हणत, रोगाच्या झाडावरचे हायेत, फेकून दे. मी म्हटलं, यायनं एवढं सोसलं अन् यायले काहून फेकू? त्या साताचं बी धरलं. तवापासून मी तेच करतो. ज्या झाडावर रोग पडते, त्या झाडावर जे वाचतीन, तेच बियाले. चांगल्या झाडाचे बाजारात."

केंद्राच्या प्रत्येक शिबिरात निरूपा नेमकं याच्या उलट सांगत आली होती. रोगाच्या झाडावरचा एकही कोष बियाण्याला घेऊ नका.

"मले कधी सांगतलं नाई तुम्ही."

"तू नोकरीले लागली होती. तू म्हणली असती, हे नियमात बसत नाई."

"म्हणली असती," निरूपा म्हणाली.

डोमाजींनी भिंतीला टेकलेली आकडी उचलली. "चाल. ऊन चढाच्या आत जाऊ."

पट्ट्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने उंच ऐन होते. डोमाजी खालूनच फांदी न् फांदी पाहत चालले. निरूपाला पानांशिवाय काही दिसत नव्हतं, आणि ते म्हणायचे, "तो पाह्य, तिसऱ्या फांदीले." आकडीने फांदी वाकवून कोष देठासकट काढायचा आणि तिच्या ओटीत द्यायचा. एक्केचाळीस झाले तेव्हा ते थांबले. वर अजून दिसत होते, पण त्यांनी आकडी खाली घेतली. "राहू दे. रानालेही लागतीन."

ऑगस्टअखेर त्या कोषांतून छत्तीस पतंग निघाले. एकोणीस माद्या. कॅमेऱ्याने त्यांतल्या सतरा लाल ठरवल्या, आणि त्या सतरांपैकी पंधरांच्या रसात बीजाणू विझत गेले.

नियमाप्रमाणे भट्टी पेटवायची वेळ होती. बोंगिरवार मॅडमनी वरच्या कार्यालयाला सोळा पानांचं पत्र लिहिलं. उत्तर आलं, बंदिस्त चाचणीला हरकत नाही, मात्र आसपासच्या उत्पादकांची लेखी संमती हवी. आणि ते बरोबरच होतं. अंदाज चुकला तर रोग त्यांच्याच झाडांवर जाणार होता.

मॅडमनी झरीटोला आणि शेजारच्या दोन गावांतल्या उत्पादकांना बोलावलं. एकोणीस जण आले. कोसा उत्पादकांच्या सोसायटीचे अध्यक्ष कवडू वलथरे सगळ्यांच्या वतीने बोलले.

"मॅडम, जूनमध्ये तुम्ही सांगतलं, लाल म्हणजे जाळा. आम्ही जाळू देलं. आता म्हणता, लाल असून ठेवा. डोमाजी निरूपाबाईचा बाप हाये, हे आम्हाले दिसत नाई का?"

निरूपा उभी राहिली.

"कवडूभाऊ, माह्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाई. तुम्हीच पाहा."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

सूक्ष्मदर्शकाच्या नळीत एका वेळी एकाच माणसाला पाहता येतं. या लोकांनी आजवर दुसऱ्याच्या शब्दावर आपली अंडी आगीत जाऊ दिली होती. पेब्रिन, पेब्रिन म्हणतात तो दिसतो कसा, हे त्यांच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. निरूपाने आधी दुसऱ्या गावचा थेंब दाखवला. भातासारखे चकचकीत दाणे पडद्यावर पसरले.

"हाच का तो?" मागून कोणीतरी विचारलं.

"हाच."

एक म्हातारे उत्पादक उठून पडद्याजवळ आले आणि बोट न लावता एकेका दाण्याकडे पाहू लागले. "एवढ्याशानं माहं रान नेलं," ते हळूच म्हणाले.

मग निरूपाने झरीटोल्याचा थेंब लावला आणि तासाभराची चित्रं एका मिनिटात पळवली. दाणे एकामागून एक विझत गेले. तिने ते पुन्हा दाखवलं. कवडूंनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि ते विझलेले दाणे बोटांवर मोजत राहिले.

"अंड्यांत नाई उतरणार, याची खात्री हाये का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाई," निरूपा म्हणाली. "म्हणून तं चाचणी. बारा झाडं, सगळी जाळीखाली. दर आठवड्याले वीस किडे तपासू. एक किडा जरी चमकत्या दाण्यांचा निघाला, तं त्या दिवशी सगळं जाळायचं. तेही मीच करीन."

कवडूंनी डोमाजींकडे पाहिलं. "चालते का तुम्हाले?"

"चालते," डोमाजी म्हणाले.

एकोणीस सह्या झाल्या.

सप्टेंबरात अंडी फुटली. दोन हजार शंभर अळ्या बारा ऐनांवर चढल्या. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीने प्रत्येक झाड झाकलेलं होतं. डोमाजींनी पट्ट्यातच झोपडी घातली. पहिल्या आठवड्याचे वीस किडे स्वच्छ आले. दुसऱ्या आठवड्याचेही. त्या वर्षी सप्टेंबर सोसवेना असा तापला, तरी अळ्या वाढत राहिल्या. हिरव्यागार, बोटाएवढ्या.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी डोमाजी सायकलवरून केंद्रात आले. हातात पानाचा द्रोण होता, त्यात एक अळी. मऊ पडलेली, शेपटीकडून काळसर झालेली.

"हा काल खात नव्हता. आज लोंबत होता," ते म्हणाले.

निरूपाने द्रोण हातात घेतला. "तुम्हीच आणला?"

"मंग कोण आणीन?"

तो एक किडा झुडपात फेकून दिला असता तर कोणालाच कळलं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. निरूपाने कवडूंना फोन करून बोलावून घेतलं. ते आल्यावर, त्यांच्यासमोर, तिने किड्याच्या रसाचा थेंब ट्रेमध्ये सोडला.

तास संपेपर्यंत तिघे पडद्यासमोर बसून होते. मॅडम दारात उभ्या. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यात काहीतरी दिसलं. मोठं करून पाहिलं तर पानाचा कण होता. बाराव्या फेरीनंतर ठिपका हिरवा उमटला.

"मंग ह्याले झालं काय?" कवडूंनी विचारलं.

"पोट नासलं. उन्हानं होते," निरूपा म्हणाली. "जाळीच्या आत गरम होत असीन. दुपारी जाळीवर पाणी मारावं लागीन."

कवडू उठले. दारापाशी थांबून डोमाजींना म्हणाले, "मी असतो तं फेकून देला असता."

"मीही देला असता," डोमाजी म्हणाले. "मांगच्या वर्षी."

त्या दिवसापासून कवडूंच्या वस्तीतले लोक पाळीपाळीने पाणी मारायला येऊ लागले.

ऑक्टोबरअखेर बारा झाडांवर एक हजार तीनशे चाळीस कोष लागले. शेवटपर्यंत तपासलेल्या एकाही किड्यात चमकता दाणा सापडला नाही. मॅडमनी सगळी चित्रं असेच कॅमेरे बसलेल्या दुसऱ्या केंद्रांना पाठवली आणि एकच विनंती केली: तुमच्याकडची जूनची चित्रं पुन्हा उघडा, आणि वेळेच्या क्रमाने लावून पाहा. महिन्याभरात दोन ठिकाणांहून कळवलं गेलं की त्यांच्याकडेही विझणारे दाणे आहेत. थोडेच, पण आहेत. अंडी तिथेही जळून गेली होती. चित्रं मात्र शाबूत होती, आणि कोणत्या गावचे पतंग होते ते त्यावर लिहिलेलं होतं. लोक त्या गावांच्या रानांत कोष शोधायला निघाले.

पुढच्या जूनपर्यंत संगणकाला तिसरा रंग मिळाला. पिवळा. रोग शिरला, पण हरला, असा त्याचा अर्थ. पिवळ्या मादीची अंडी वेगळी ठेवायची, तीन पिढ्या तपासायची आणि मगच वाटायची. मॅडम सगळ्यांना बजावून सांगत, हे औषध नाही, किड्यांची एक जात रोगाला पुरून उरते आहे, इतकंच. उद्या रोगही बदलेल, म्हणून पाहणं थांबवायचं नाही. निरूपा दर सोमवारी चित्रांच्या रांगा लावून बसायची. आता तिच्या शेजारी दोन खुर्च्या जास्त असत. ज्याचे पतंग असतील त्याने येऊन बसावं.

नव्या वाणाची नोंद करायची तेव्हा मॅडमनी डोमाजींना केंद्रात बोलावलं. सरकारी अर्ज होता. वाणाचं नाव झरीटोला लिहून झालं. निवड करणाऱ्याचं नाव, डोमाजी नान्हे. पुढच्या रकान्यात लिहायचं होतं, निवडीची पद्धत.

"काकाजी, हे तुमच्या शब्दांत सांगा," मॅडम म्हणाल्या. "निरूपाताई टंकतील."

डोमाजी खुर्चीत सावरून बसले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांनी सुरुवात केली. कोणतं झाड, कोणत्या बाजूची फांदी, सात किडे कोणत्या दिवशी कोषात गेले. रोग पडलेल्या झाडाचं पान कसं ओळखायचं. वाचलेल्या किड्यांतलाही कोणता सोडायचा आणि का. कोष कानाशी हलवून काय ऐकायचं. निरूपा टंकत राहिली. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, हे मले पुन्हा सांगा," आणि त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी हातांनी करून दाखवत.

दुपारी मॅडमनी जेवणाचे डबे तिथेच मागवले.

अर्जातला रकाना दोन ओळींचा होता. त्याला अकरा पानं जोडावी लागली.